विसण घालायचं राहिलं

पंगतीत नको म्हणणाऱ्याच्या पानात वाढायची एक युक्ती असते. पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला की त्याच्या बोटांवर कढत तुपाची बारीक धार सोडायची. हात आपोआप मागे जातो आणि तेवढ्यात पोळी पानात पडलेली असते. ही युक्ती मी सासूबाईंकडून शिकले आणि त्यांच्याही पुढे गेले. नाशिकला आमच्या कॉलनीत माझ्या हातचं जेवून कोणी पोट न धरता उठला, असं होत नसे. ‘त्यांच्याकडे जायचं तर आदल्या दिवशी उपास करा’ असं शेजारणी म्हणायच्या आणि मला ते पदक वाटायचं. नातवंडांना हे सांगते तेव्हा ती हसतात, मीही हसते. पण एक पंगत अशी आहे की तिची गोष्ट मी हसत सुरू करते आणि मध्येच पाणी प्यायचं निमित्त करून उठते. लिहिताना उठता येत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

तेव्हा मी पन्नाशीच्या जरा अलीकडे होते. म्हणजे अक्कल यायचं वय झालं होतं, अक्कल वाटेत होती. थोरली मुलगी येवल्याला दिलेली, तिच्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झालेली. जावई पैठणी विणायचे. घरातच माग. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, वर हातांनी विणायचं आणि खाली पायांनी पावड्या दाबत राहायचं. “मामी, लोक म्हणतात पैठणी हातानं विणलेली. पण निम्मी पायांनी विणलेली असते,” असं ते एकदा मला म्हणाले होते. मी “हो का” म्हणून चहा टाकायला गेले. माणूस इतकं बोलणारा नव्हता. वर्षाकाठी एखादं वाक्य बोलायचा, तेही मी चहाखाली घालवलं.

एका दिवाळीला थोरली माहेरी आली ती तोंड उतरवून. जावयांच्या रक्तात साखर निघाली होती.

“डॉक्टर म्हणाले, गोड बंद, गोळी रोज. आणि पायांना फार जपायचं,” ती म्हणाली.

“पायांना कशाला? साखर काय पायात साठते?”

“मला काय ठाऊक, आई. नाशिकला मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या म्हणाले.”

“कोणाला सांगितलंस?”

“तुलाच सांगतेय.”

“मग आता आणखी कोणाला सांगायचं नाही. धाकटीचं जमेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही.”

जावयाच्या रक्तातली साखर धाकटीच्या रक्तात कशी जाणार, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. आमच्याकडे हिशेब वेगळा असतो. लोक म्हणणार, थोरलीला आजारी घरात दिली. का दिली? म्हणजे हिच्यातच काहीतरी खोट असणार. मग धाकटीत काय असेल? एवढं सगळं लोकांच्या वतीनं मीच बोलून घेतलं, लोकांना तोंड उघडायचे कष्टसुद्धा पडू दिले नाहीत. ताप आला तर माणूस सांगतो, पाय मोडला तर गावभर प्लास्टर मिरवतो. साखर, फिट्स, अंगावरचा पांढरा डाग, क्षय, हे मात्र आम्ही ट्रंकेत तळाशी ठेवायचो आणि वर मुलीच्या लग्नाच्या साड्या रचायचो.

नाशिकच्या डॉक्टरांचं मी लांबणीवर टाकलं. “इथे सगळे ओळखीचे. दवाखान्याच्या बाकावर कोणी ना कोणी भेटणारच. धाकटीचं होऊ दे, मग सावकाश दाखवू,” असं मी लेकीला सांगितलं. तिनं ते जावयांना सांगितलं असणार. आमच्याकडे आले की ते गोळी न्हाणीत जाऊन घ्यायचे. न्हाणीचा नळ जरा जास्त वेळ चालू राहिला की मला कळायचं आणि मला वाटायचं, किती समजूतदार जावई.

पुढे एकदा माझ्या नणंदेच्या घरी वास्तुशांतीला त्यांनी बिनसाखरेचा चहा मागितला. नणंदेचे कान म्हणजे मांजराचे.

“वहिनी, जावई फिका चहा घेतात?”

“नवस आहे त्यांचा,” मी म्हणाले. तोंडातून कसं आलं ते मला आजही ठाऊक नाही. “गडावरच्या देवीला बोललेत, गोड सोडलंय.”

“कशासाठी?”

“नवस असा सांगायचा असतो का वन्सं?”

जावई शेजारीच बसले होते. त्यांनी कपात बघत चहा संपवला. देवीला मध्ये घातल्याचं मला जरा वाईट वाटलं, पण देवीनं आजवर माझी इतकी खोटी ऐकून घेतली होती की त्यात हे एक खपून जाईल असा माझा भरवसा होता.

दोन वर्षं अशीच गेली. मग त्याच नणंदेनं धाकटीसाठी सटाण्याचं स्थळ आणलं. कांद्याचा व्यापार, घरचे लोक साधे, मुलगा शिकलेला. सगळं जमत आलं होतं आणि मध्येच अधिक महिना लागला.

आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात लग्नाची बोलणी करत नाहीत. पण लेक-जावयाला बोलावून जेवू घालायचं, हा या महिन्याचा मान. कणकेच्या गोळ्यात पुरण भरून उकडायचं, त्याला धोंडे म्हणतात, आणि ते तुपात बुडवून वाढायचे. वर तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आता बोलणी करता येत नाहीत, पण जेवायला यायला कोणाची हरकत आहे? मी सटाण्याच्या मंडळींना धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण धाडलं. आम्ही जावयाला कसं ठेवतो ते बघून जाऊ द्या, असा तो बेत. हे सुचलं तेव्हा मी स्वतःवरच इतकी खूश झाले की दुपारभर स्वयंपाकघरात गुणगुणत होते.

लेकीला मात्र आधी फोन करून बजावलं. “एक दिवस पथ्य बाजूला ठेवायचं. नणंद असणार, सटाण्याच्या बाई असणार. नाही म्हणून चालायचं नाही.”

“आई, त्यांच्या पायांना हल्ली...”

“एका दिवसानं काय होतंय?”

तिचं वाक्य मी तिथंच तोडलं. ते पुरं ऐकलं असतं तर पुढचं काही लिहायची वेळ आली नसती.

जेवणाच्या दिवशी पाऊस चार दिवसांचा लागलेला. लेक-जावई एसटीनं आले आणि स्टँडवरून चिखल तुडवत घरी पोचले. जावयांचे मोजे पिळता येतील इतके भिजले होते. जेवणाआधी लेक-जावयाला पाटावर बसवून त्यांचे पाय धुवायचे असतात. या महिन्यात ती दोघं म्हणजे लक्ष्मीनारायण. मला वाटलं, एवढं गारठून आलेत, गार पाण्यानं कशाला धुवायचे. मी गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही. हे वाक्य मी मनात पुष्कळदा म्हटलं आहे.

मी सासू, मी पाणी घालायचं. आमचे हे म्हणजे सासरे, त्यांनी परातीशी बसून पाय चोळायचे. पण ऐन वेळेला खाली सटाण्याची जीप वाजली आणि हे धावत जिन्यात गेले. पाहुण्यांनी दारात पाऊल टाकावं आणि समोर जावयाचे पाय धुणं चाललेलं दिसावं, असं चित्र मी मनात कधीचं मांडून ठेवलं होतं. ते चुकायला नको म्हणून मी एकटीनंच घाई केली. पातेलं उतरवलं, तांबे भरले. त्यात विसण घालायचं राहिलं. कढत पाण्यात गार पाणी मिसळून ते सोसेलसं करायचं, हे बाळाला न्हाऊ घातलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. मी दोन मुलींना न्हाऊ घातलं होतं, प्रत्येक वेळी पाणी आधी कोपरानं बघून.

आणि त्या दिवशी मी पाण्याला बोटही लावलं नाही. अंगावर पैठणी होती. जावयांनीच विणलेली, मोरांच्या पदराची. तिला पाण्याचा डाग पडू नये म्हणून मी पदर खोचून, जरा लांब उभी राहून, वरून धार धरली. तांब्या हाताला चटके देत होता म्हणून तो रुमालात धरला होता. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

जावयांनी दोन्ही पाय परातीत ठेवले. मी एक तांब्या घातला, दुसरा घातला. ते नेहमीसारखे खाली मान घालून हसत होते. तेवढ्यात पाहुणे दारात आले. सटाण्याच्या बाई, म्हणजे मुलाची आई, पुढे, मागे नणंद. मी आणखी एक तांब्या ओतला, जरा सावकाश, सगळ्यांना दिसेल असा. पाय पाण्यात तसेच. कुंकवाचा करंडा सापडेना, तो सापडेपर्यंत पाय पाण्यात तसेच.

“काय जवाई शे,” सटाण्याच्या बाई कौतुकानं म्हणाल्या. “एकदम शांत.”

मग मी पाय पुसले आणि लेकीच्या पायांवर धार धरली. ती किंचाळली. पाय असा मागे ओढला की परात कलंडली.

“आई गं, केवढं कढत पाणी हे.”

आणि मी काय म्हणाले? मी हसले आणि म्हणाले, “बघा, जावई कसे राजासारखे बसले होते, आणि आमची लेक ही अशी.”

लेक माझ्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याच्या पायांकडे बघत होती. पाय लालभडक झाले होते. जावईसुद्धा आपल्या पायांकडे बघत होते, दुसऱ्या कोणाची वस्तू बघावी तसे.

स्वयंपाकघरात तिनं माझा दंड धरला. “आई, त्यांना कळलंच नाही. पाय बधिर झालेत त्यांचे. तेच सांगत होते मी फोनवर.”

“हळू बोल, बाहेर ऐकू जाईल.”

“पाय भाजलेत, आई.”

“मग आता जेवणं तरी होऊ देत. तूप घे ते.”

मला समजलं नव्हतं असं मी पुढे पुष्कळांना सांगितलं. समजलं होतं. सगळं समजलं होतं. ती बाई, म्हणजे मी, तुपाची तपेली घेऊन बाहेर गेली.

पंगतीत नणंदेनं अपेक्षेप्रमाणे विचारलं, “वहिनी, जावयांचा गोडाचा नवस होता ना?”

“फिटला की. म्हणून तर धोंडे.”

जावयांनी एक धोंडा खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसऱ्याला त्यांनी पानावर हात आडवा धरला. “मामी, आता बास. खरंच.” मी सवयीनं बोटांवर तूप सोडलं. त्यांनी चटकन हात मागे घेतला. हाताला कळत होतं, हे मी पाहिलं. हाताला कळतं आणि पायाला कळत नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर, वितीच्या अंतरावर होतं. मी तिसरा धोंडा वाढला आणि सटाण्याच्या बाईंकडे वळले. त्याही नको नको म्हणत होत्या. त्यांनाही दोन वाढले.

पाहुणे गेले तोवर जावयांच्या पायांवर लिंबाएवढे फोड आले होते. मी कोरफड कापून लावली. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दवाखाना होता. लेक म्हणाली, “तिथं दाखवूया.” मी म्हणाले, “कंपाउंडरची बायको वन्संच्या भिशीत आहे. येवल्याला गेल्यावर दाखवा.” ओल्या मोज्यांऐवजी मी त्यांना ह्यांचे कोरडे मोजे दिले. त्या मोज्यांवर बूट चढवून, तेहतीस अनारशांचा डबा मांडीवर घेऊन, ते एसटीत बसले.

पाच दिवसांनी लेकीचा फोन आला. एक पाय सुजून काळा-निळा पडला होता, वास येत होता. त्यांना नाशिकला मोठ्या दवाखान्यात आणलं. या खेपेला ओळखीचं कोण भेटेल हे बघायचं मला सुचलं नाही.

डॉक्टर तरुण होते, चिडके होते, आणि चिडण्याचा त्यांना पुरा हक्क होता. “पाय बधिर कधीपासून आहेत?” त्यांनी विचारलं.

“दोनेक वर्षं,” जावई म्हणाले. “पावडी दाबली गेली की नाही, ते खाली बघूनच समजतं.”

“दोन वर्षं? मग दाखवायला का आला नाहीत?”

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. जावयांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. “राहून गेलं,” ते म्हणाले.

मला कोणी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं. आयुष्यभर मी लोकांच्या तोंडाला भ्याले, आणि ज्याच्या तोंडाला भ्यायला हवं होतं त्यानं मला असं झाकून घेतलं.

डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. अंगठा वाचला. अंगठा वाचला, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. बोटं कोणामुळे गेली ते सांगत नव्हते.

नणंदेनं बातमी सटाण्याला पोचवलीच. चौथ्या दिवशी सटाण्याच्या बाई दवाखान्यात हजर. मला वाटलं, संपलं, मोडलं स्थळ. त्या स्टुलावर बसल्या, जावयांच्या पायाच्या बँडेजकडे पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून एक गोळी सगळ्यांसमोर पाण्याबरोबर घेतली.

“साखर माले बी शे, ताई,” त्या म्हणाल्या. “सात वर्षं झाली. तुमच्यासमोर कसं सांगू, मुलाचं जमायचं होतं. तुम्ही दोन धोंडे वाढले, मी खाल्ले. पुढं दोन दिवस नुसती तहान तहान.”

म्हणजे त्या पंगतीत साखरेची दोन माणसं होती. दोघं एकमेकांपासून लपून तूप ओरपत होती आणि मी तपेली घेऊन दोघांच्या मध्ये फिरत होते. मी हसायला लागले. हसता हसता रडू आलं. त्या बाई माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या, त्यांना वाटलं मी जावयांसाठी रडते आहे. मी मोठ्यानं म्हणाले, “नवस-बिवस काही नव्हता. यांची साखर मीच लपवून ठेवली. पाणीही मीच घातलं.” नणंद दारात होती. तिनंही ऐकलं. तिला ऐकवायलाच मी आवाज चढवला होता.

धाकटी सटाण्यालाच गेली. लग्न छान झालं. पण ज्या लग्नासाठी मी हे सगळं झाकलं, ते न झाकताही झालं असतं. ही गोष्ट बोटं गेल्याच्या दुःखापेक्षा जरा वेगळीच टोचते. बुटात खडा असतो तशी. अर्थात खडा टोचतो हे कळण्याएवढे माझे पाय शाबूत आहेत, म्हणून मला तक्रार करायचीही लाज वाटते.

जावई सात-आठ महिने मागावर बसले नाहीत. पुढे टाचेनं पावडी दाबायला शिकले. पण पूर्वी जी पैठणी चार महिन्यांत उतरायची तिला सहा लागायला लागले. लेक आता रोज संध्याकाळी त्यांचे तळपाय आरशात बघते, चीर आहे का, फोड आहे का. मीही येवल्याला गेले की बघते. पहिल्यांदा मी त्यांच्या पायाला हात लावला तेव्हा ते संकोचून पाय मागे घ्यायला लागले. मी म्हणाले, “असू द्या. तेव्हा पैठणी होती, आज सुती आहे.” ते हसले. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणजे मी लांब उभी का राहिले होते ते. तेव्हाच ठाऊक होतं.

तीनेक वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला. बोलावू की नको, असं मी पंधरा दिवस करत होते. शेवटी जावईच फोनवर म्हणाले, “मामी, या वर्षी आमचा मान बुडवता की काय?”

वाणात जाळीदार पदार्थ लागतो. मी नागलीची छोटी छोटी घावनं केली, मोजून तेहतीस. नणंद म्हणाली, “वहिनी, घावनांचं वाण कोणी ऐकलंय का?” मी म्हणाले, “देव तेहतीस मोजतो वन्सं, गोडी चाखून बघत नाही.” ती वाद न घालता घावनं मोजायला बसली, म्हणजे वय तिचंही झालं होतं.

पाट मांडले, परात ठेवली. पाणी मी ऊन केलंच नाही, नळाचंच घेतलं. तरी त्यात मी कोपर बुडवलं, पुन्हा बुडवलं, ह्यांना बुडवायला लावलं. धाकटी आणि तिच्या सासूबाई मुद्दाम सटाण्याहून आल्या होत्या, त्या बघत होत्या. जावई पाटावर बसले. डावा पाय त्यांनी लपवला नाही. मी तांब्या उचलला तर पाणी परातीबाहेरच सांडलं. मला धार धरता येईना.

पहिला मान जावयाचा असतो. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या तसंच चालत आलं आहे.

जावयांनी पाय परातीतून उचलून बाजूला ठेवले. “मामी,” ते म्हणाले, “आधी हिचे धुवा.”

लेकीनं पाय पुढे केला. मी धार सोडली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. नणंदही बघत होती, विहीणबाईही.

“बरंय,” लेक म्हणाली. “घाल त्यांना.”